रजेचे कारण

आमच्या कार्यालयातील रजेच्या अर्जावर ‘रजेचे कारण’ असा एक रकाना आहे. शिल्लक रजेपैकी बरीचशी मार्चअखेर वाया जाणार, असे लक्षात आल्यावर मी जानेवारीतील पंधरा दिवसांचा अर्ज भरला आणि त्या रकान्यात ‘सोलापूर जिल्ह्यातील नातेवाइकांना भेटणे’ असे लिहिले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, “कुणाचं लग्न आहे का?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “कुणी आजारी?” त्यालाही मी नाही म्हटले. त्यांनी सही केली खरी, परंतु खरे कारण मी लपवते आहे अशी त्यांची खात्री झालेली दिसली.

खरे कारण एवढेच होते, की तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून मी माझ्या माणसांना केवळ मांडवात किंवा दहाव्याच्या घाटावर पाहिले होते. लग्नात कुणाशी बोलणे होत नाही. व्यासपीठावर जाऊन छायाचित्र काढायचे आणि जेवणाच्या रांगेत उभे राहायचे. दहाव्याला बोलणे होते, पण ते गेलेल्या माणसाविषयी. अशाच एका दहाव्याला माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने माझा हात धरून म्हटले होते, “आता पुढच्या टायमाला माझ्याच दहाव्याला येशील बघ.” हे वाक्य घेऊन मी पुण्याला परतले आणि ते पुढे चार महिने माझ्याबरोबरच राहिले.

यजमानांची बरोबर येण्याची तयारी होती, मीच नको म्हटले. जावई घरात आला की कपाटातल्या नव्या चादरी बाहेर निघतात, श्रीखंड आणले जाते आणि सगळे जण मोठ्याने व सावधपणे बोलू लागतात. मला ते नको होते. मात्र मध्यमवयीन बाई नवऱ्याशिवाय, मोठी बॅग घेऊन, सणवार नसताना माहेरच्या माणसांकडे पंधरा दिवसांसाठी येते, याचा अर्थ लोक काय लावतील, याचा मी अजिबात विचार केला नव्हता.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या सुमारास सोलापूरला पोहोचते. सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. गाडीचे नाव त्यांच्यावरून आहे. आमच्या घरी मात्र ‘हुतात्म्यानं ये’, ‘हुतात्म्यानं जा’ असे इतक्या सहजपणे म्हटले जाते, की ऐकणाऱ्याला हुतात्मा हा कुणी आमच्या ओळखीचा, वक्तशीर माणूस वाटावा.

आत्या भवानी पेठेत राहते. शेजार तेलुगू भाषकांचा, मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड, घरी येणारी भाजीवाली कन्नड बोलणारी. आत्या या सर्वांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत भांडू शकते आणि भांडण झाल्यावर त्यांच्याकडे चहाही पिते. सकाळी तिने माझ्यापुढे कडक भाकरीचा चुरा, त्यावर दही आणि शेंगाची चटणी ठेवली व समोर पाट घेऊन बसली. उखळात कुटताना शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा चटणीचा नियम आत्या अद्याप मोडत नाही. आता कुटायला सून बसते आणि आत्या केवळ आवाजावरून “अजून नाही झाली” असे सांगते.

“आता सांग की, जावईबापूंशी काय झालंय?”

काहीच झालेले नाही, मी सहज आले आहे, असे मी सांगितले. आत्याने मान हलवली, परंतु दुपारी मी झोपले आहे असे समजून तिने पुण्याला दूरध्वनी लावला आणि यजमानांची इतक्या मायेने चौकशी केली, की घाबरून त्यांनी मला लगेच संदेश पाठवला : ‘काय सांगितलंस त्यांना?’

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. त्यामुळे रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू होतेच. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा अजून भरलेली होती. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगे शहराभोवती आहेत. यात्रेत सात नंदीध्वज त्यांच्या दर्शनाला मिरवणुकीने जातात आणि संमती कट्ट्यावर योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. त्या अक्षतांना मी चार दिवसांनी चुकले होते. आत्याला त्याचे फार वाईट वाटले. ती म्हणाली, “सिद्धरामाच्या लग्नाला कुणी पत्रिका देतंय का? सगळं गाव आपलं आपण येतंय.” तिला मी ताबडतोब म्हटले, की तशीच मीही तुझ्याकडे आले आहे. त्यावर ती हसली, पण रात्री झोपताना पुन्हा म्हणाली, “काही असंल तर सांग. मी कुणाला बोलणार नाही.”

अक्कलकोट सोलापूरहून सुमारे चाळीस किलोमीटर. तिथे धाकटी मावशी असते. आत्याच्या घरच्या अनुभवाने मी शहाणी झाले होते, म्हणून दारातच सांगून टाकले, “स्वामींच्या दर्शनाला आले होते, म्हटलं तुलाही भेटावं.” हे कारण तत्काळ मान्य झाले; इतके मान्य झाले, की मावशीने एकही प्रश्न विचारला नाही. पाणी दिले, चहा दिला, आणि मग पदराने कप पुसत, कुठलाही राग न आणता ती म्हणाली, “आमच्याकडे सगळे स्वामींसाठीच येतात गं. आमचं घर म्हणजे चपला ठेवायची जागा.”

मला फार लाज वाटली. यात्रेच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकांचे हे दुःख पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असे सगळीकडे सारखे असावे. वर्षभर माणसांचा राबता असतो, परंतु त्यांतले कुणीही त्यांच्यासाठी आलेले नसते. दर्शनाच्या रांगेआधी अंघोळ आणि रांगेनंतर जेवण, एवढाच काय तो संबंध. मी मावशीला खरे सांगितले आणि ते सिद्ध करण्यासाठी त्या दिवशी वटवृक्ष मंदिराकडे फिरकलेच नाही. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसून आईविषयी बोललो. आई लहानपणी झोपेत चालत असे आणि एकदा शेजारच्या घरात जाऊन झोपली होती, हे मला पन्नासाव्या वर्षी प्रथमच कळले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मावशीनेच मला उठवले. “माझ्यासाठी आलीस ते पोचलं. आता त्यांनाही भेट, नाहीतर ते मला विचारतील.”

येथून पुढे कुंकू, खण आणि नारळ वाढतच गेले. प्रत्येक घरी निघताना ओटी भरली जाई. त्यात हळदीकुंकवाच्या वाणांची भर पडत होती : दोन प्लास्टिकच्या गाळण्या, एक साबणाची डबी, स्टीलच्या तीन वाट्या. नारळ कुणाला परत द्यायचा नसतो आणि वाटेत टाकायचा नसतो. बॅगेचे वजन त्यामुळे रोज किलोभराने वाढे.

बार्शीला मी एकच रात्र राहिले, परंतु ती उल्लेख करण्याजोगी आहे. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद मापाची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे एकीकडे लातूरपर्यंत, तर दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. आता तेथे मोठे रूळ आहेत. आई त्या छोट्या गाडीने दर मे महिन्यात बार्शीला काकांकडे जात असे. कारण कुणी विचारत नसे, कारण शाळेला सुट्टी लागली हेच पुरेसे होते. त्याच घरात आता माझी चुलत मावशी एकटी राहते. मी दार वाजवले तेव्हा ती तुरी निवडत बसली होती. तिने चष्म्यावरून पाहिले, म्हणाली, “आलीस? बरं झालं. हे अर्धं सूप तू घे,” आणि जागा करून दिली. तुरी संपेपर्यंत आम्ही खड्यांखेरीज कशावरही बोललो नाही. कारण न सांगताही मला ‘काय विशेष?’ असे न विचारणारे संपूर्ण जिल्ह्यातील ते एकमेव माणूस होते.

मंगळवेढा मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. सोलापूरहून जाताना बेगमपूरला भीमा ओलांडावी लागते आणि नदीकाठी माचणूर दिसते. औरंगजेबाचा तळ १६९५ पासून सुमारे चार वर्षे येथे होता. एवढा मोठा पाहुणा येऊन चार वर्षे राहिला. त्याला मात्र ‘काय विशेष?’ असे कुणाला विचारावे लागले नाही, त्याचे कारण साऱ्या मुलखाला ठाऊक होते. एसटीच्या खिडकीत मला याचे हसू आले. मामाच्या दारात माझे कारणही सर्वांना आधीच ठाऊक होते, हे मला अजून कळायचे होते.

मामाकडे माझे स्वागत उत्तम झाले. केवळ मामेभाऊ जेवताना गप्प होता. नंतर त्याने मला न विचारता बोअरवेलचा खर्च सांगितला; दोन बोअर कोरड्या गेल्या, तिसरीला पाणी लागले. मग बांध घातल्याचा खर्च सांगितला. मामी म्हणाली, की आजकालच्या मुली शहाण्या झाल्या आहेत, गल्लीतल्या एकीने भावाला कोर्टात खेचले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर मामाबरोबर आईचेही नाव लागले होते, आणि आई गेल्यावर वारस म्हणून तेथे माझे व माझ्या भावाचे नाव लागले आहे. आईने हयातीत हक्कसोडपत्र करून दिले नव्हते. कुणी मागितले नव्हते की तिने टाळले, हे मला ठाऊक नाही. कारण नसताना, नवऱ्याला न आणता, एकटी आलेली भाची कशासाठी आली असेल, हे त्या घराने आपल्यापुरते ठरवून टाकले होते.

रात्री अंगणात मामाने स्वतःच विषय काढला. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याला आडवळण जमत नाही. “हे बघ, आपण दामाजीच्या गावचे. दुष्काळात बादशहाची कोठारं लुटवली त्यानं. ज्वारीला इथं कुणी नाही म्हणत नाही, पाहिजे तेवढी ने. जमिनीचं तेवढं बोलून घेऊ.”

मी जमिनीसाठी आलेली नाही, असे मी सांगितले. ते खरे होते. परंतु ते सांगताना माझ्याच लक्षात आले, की याचा अर्थ मी हक्क सोडला असा होत नाही आणि तसा तो व्हावा असे मला वाटतही नव्हते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती देशभरासाठी २००५ मध्ये झाली. तरीही बहिणीने सही करून द्यायची आणि त्याबदल्यात तिची ओटी भरली जायची, हा व्यवहार आपल्याकडे इतका गोड बोलून चालतो, की त्याला व्यवहार म्हणणारी बाई वाईट ठरते. मला मामा हवा होता, हुरडा हवा होता, आईचे नाव जेथे लिहिलेले आहे तो कागदही हवा होता. हे सर्व एकाच वेळी हवे असणे मला अप्रामाणिक वाटत नाही. मामीला मात्र ते तसे वाटले असावे.

सकाळी आम्ही शेतावर गेलो. मंगळवेढ्याची काळी जमीन खोल आहे; परतीच्या पावसाची ओल ती धरून ठेवते आणि तेवढ्या ओलीवर मालदांडी ज्वारीचे पीक येते. जानेवारीत कणसात दाणा भरतो पण वाळत नाही, तोच हुरड्याचा काळ. मामेभावाने आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसली आणि तळहातावर चोळून, फुंकून हिरवा गरम हुरडा माझ्या हातावर ओतला. त्याचे तळवे लाल झाले होते. सोबत गूळ, दही आणि शेंगाची चटणी होती. खात असताना जमिनीविषयी कुणी काही बोलले नाही, आणि आम्ही सर्व जण त्याच जमिनीवर बसलो होतो.

निघताना मामेभावाने एसटीच्या टपाऐवजी माझ्या पायाशीच ज्वारीचे पोते ठेवले, अर्धे भरलेले, तोंड सुतळीने शिवलेले. तेथून पंढरपूर, तेथून पुणे. घरी आल्यावर मी बॅगेतून नऊ नारळ काढले तेव्हा यजमानांनी विचारले, की मी नक्की नातेवाइकांकडेच गेले होते ना.

चार दिवसांनी मामेभावाचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. सोबत वकिलाकडून टंकलेल्या हक्कसोडपत्राचा तीन पानी मसुदा होता. खाली लिहिले होते : ‘ताई, सहज पाठवलंय. घाई नाही. भाकरी जमल्या का?’

भाकरी जमत आहेत. पोते निम्मे उरले आहे. मसुदा मी दोनदा वाचला असून अद्याप उत्तर दिलेले नाही.