बर्लिन ते विल्सनाक, पायी

आमच्या घरात आज्जीपासून आषाढीची वारी आहे, त्यामुळे बर्लिनहून पण एक जुनी वाट निघते आणि साधारण 130 किलोमीटरवर विल्सनाकच्या चर्चपाशी संपते असं कळल्यावर मला काही राहवेना. त्यात भानगड अशी की ज्याच्या दर्शनाला लोक जायचे ते तिथे आता नाहीच, 1552 मध्ये तिथल्याच पाद्र्याने जाळून टाकलं. आणि चर्च प्रोटेस्टंट, म्हणजे ज्यांनी यात्रा बंद पाडल्या त्यांच्याच दारात जाऊन टेकायचं!

अलेक्झांडरप्लाट्झजवळच्या मारियनकिर्शपासून निघायचं. हेनिग्सडॉर्फपर्यंत शहर काही पाठ सोडत नाही, मग एकदम सपाट माळ, कालवे, पाइनची झाडं. लिनुम गावात छपराछपरावर करकोच्यांची घरटी, तिथे मी जरा जास्तच वेळ काढला. पण दिंडी नाही, टाळ नाही, पुढचा माणूस दिसला तर दिसला, आणि रविवारी गावातलं एकूणएक दुकान बंद, तेव्हा खायचं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. मुक्कामाची मात्र छान सोय होते, एका गावात तर चर्चमध्येच झोपायला मिळतं. बाकी ठिकाणी चर्चला कुलूप असलं तरी किल्ली बहुतेक शेजारच्याच घरात असते, बेल वाजवायला लाजायचं नाही.

आता मूळ गोष्ट. विल्सनाक तेव्हा अगदी छोटं खेडं. 1383 च्या ऑगस्टमध्ये हाइन्रिश फॉन ब्यूलो नावाच्या सरदाराने भांडणातून ते जाळलं, चर्चसकट. पाद्री योहानेस काबुत्झ राखेत शोधायला गेला तर वेदीवर प्रसादाच्या भाकरीच्या तीन चकत्या शाबूत, आणि प्रत्येकीवर रक्ताचा थेंब, असं त्याचं म्हणणं. झालं, पुढच्याच वर्षी पोपने यात्रेकरूंना पापमाफी जाहीर केली आणि खेड्यात कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, लाजवेल असं विटांचं चर्च उभं राहायला लागलं. उत्तर युरोपातल्या सगळ्यात मोठ्या यात्रांपैकी ही एक. आपल्या यात्रांबद्दल पुस्तक सांगून ठेवलेली इंग्लंडची मार्जरी केम्प 1433 मध्ये येऊन गेली, तेव्हा तिची साठी आली होती. लोक परत जाताना तीन चकत्यांचा शिशाचा बिल्ला टोपीला लावून न्यायचे. पैशाच्या वाटण्या पण ठरलेल्या, बिशपला किती, हाफेलबर्गच्या कॅथेड्रलला किती, बांधकामाला किती. पंढरपुरातल्या बडव्यांचे वाद ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवीन असं काही वाटत नाही.

मला आवडली ती यान हुस या प्रागच्या सुधारक धर्मोपदेशकाची केस. प्रागच्या आर्चबिशपने साधारण 1405 मध्ये विल्सनाकच्या चमत्कारांची चौकशी लावली, त्यात हा होता. प्रागच्या एका माणसाचा हात लुळा होता, त्याने विल्सनाकला चांदीचा हात वाहिला आणि बघू काय होतंय म्हणून तिथेच थांबला. तर तिसऱ्या दिवशी पाद्री प्रवचनात तोच चांदीचा हात दाखवून सांगतोय, बघा, प्रागचा माणूस बरा झाला! हा गर्दीतून उठला, लुळा हात वर केला आणि म्हणाला खोटं बोलतोयस, हा बघ माझा हात, होता तसाच आहे. पुढे 1443 मध्ये माग्देबुर्गच्या हाइन्रिश टोके या धर्मपंडिताने स्वतः जाऊन पाहिलं तर चकत्या जवळजवळ विरून गेलेल्या, लाल रंगाचा पत्ताच नाही. 1451 मध्ये कार्डिनल निकोलाउस कुसानुसने असल्या प्रकारांवर बंदी घातली, दोन वर्षांनी पोपने विल्सनाकला परत परवानगी दिली. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने 1520 मध्ये नाव घेऊन लिहिलं की असली ठिकाणं पाडून टाका. म्हणजे शंका दीडशे वर्षं चालू होत्या, यात्रा पण चालूच होती.

शेवटच्या टप्प्यात प्लाटेनबुर्गचा पाणकिल्ला लागतो, चारी बाजूंनी पाणी. इथेच योआखिम एलेफेल्डला कोंडलं होतं. हा विल्सनाकचा पहिला प्रोटेस्टंट पाद्री. ब्रांडेनबुर्गमध्ये 1539 लाच धर्मसुधारणा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ, आली होती, तरी चकत्या कपाटात होत्या आणि लोक येतच होते. मे 1552 मध्ये याने सरळ बाहेर काढून जाळल्या. यात्रा बसली, तिच्यावर जगणाऱ्यांचं दुकान बसलं, आणि चिडलेल्या हाफेलबर्गच्या कॅथेड्रलवाल्यांनी त्याला इथे आणून डांबलं. माझं मत विचाराल तर बाबा खरा होता पण जाळायची घाई केली, हुसच्या त्या चांदीच्या हातवाल्यासारखं चारचौघात उघडं पाडलं असतं तर जास्त मजा आली असती.

चर्च लांबूनच दिसायला लागतं, आजूबाजूच्या घरांपेक्षा इतकं मोठं की कुणीतरी चुकून इथे ठेवलंय असं वाटतं. बाजूच्या चॅपलमध्ये ते कपाट अजून आहे, जाड लाकूड, दारांवर चित्रं, आत काही नाही. माझ्या पुढे एक जर्मन काकू होत्या, त्यांनी वाकून आत नीट बघितलं, मग माझ्याकडे बघून हसल्या आणि यात्रेच्या वहीत शिक्का मारायला गेल्या. मी पण वाकून बघितलंच, सवय!

गावाला आता बाड विल्सनाक म्हणतात, पोटपाणी औषधी चिखल आणि गरम खाऱ्या पाण्याच्या हौदांवर चालतं, आणि खरं सांगायचं तर चर्चपेक्षा तिकडेच गर्दी जास्त. पायाला फोड आल्यामुळे मी पण संध्याकाळी तिकीट काढून तिथेच जाऊन बसलो. परतीला बर्लिनची डायरेक्ट ट्रेन मिळते, पण शेवटची किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा.