शून्य लोकसंख्येची ओळ

"मॅडम, भंडाऱ्याची लोकसंख्या दहा वर्षांत निम्मी झाली. एवढी माणसं गेली कुठं?"

आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा खरोखर घाबरून विचारत होता. नागपुरात धरमपेठेत आमचं छोटं कार्यालय आहे, तिथे आम्ही नकाशे आणि तक्ते करतो. त्या आठवड्यात भंडारा जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रं कुठे कमी पडतात, याचा नकाशा द्यायचा होता. त्याच्या तक्त्यात १९९१ ला २१ लाखांवर माणसं होती आणि २००१ ला ११,३६,१४६.

माणसं कुठेच गेली नव्हती. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि रेघ त्यांच्या घरांवरून सरकली. उरलेल्या भागात आज भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत. २०११ ला त्यांची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. दोन्ही जिल्हे मिळवून बघ म्हटलं, आणि आलेख सरळ झाला.

दुपारी दुसरी अडचण आली. पवनी तालुक्यातल्या गावांची संख्या महसुली यादीशी जुळेना. विचारल्यावर कळलं, लोकसंख्या शून्य असलेल्या ओळी त्याने रिकाम्या समजून काढून टाकल्या होत्या.

आपल्याकडे अशा गावांना रिठी म्हणतात. वस्ती कधीतरी उठून गेलेली असते, पण मौजा कायम असतो. त्याचं शिवार असतं, सातबारे असतात, धानाच्या बांध्या शेजारच्या गावची माणसं कसतात. जनगणनेच्या यादीत त्याला इतर गावांसारखाच सहा आकडी क्रमांक मिळतो. ती ओळ काढली की तालुक्याचं क्षेत्रफळ घटतं आणि घनता उगाच वाढते. मी त्याला रागावले नाही, कारण हे कुणी शिकवतच नाही. गावात माणूस नाही म्हणजे गाव नाही, असं शहरात वाढलेल्या कुणालाही वाटेल.

ओळी परत घातल्या आणि खाली उपग्रहाचं चित्र लावलं. तेवढ्यात आमच्या गाडीवरचे काका किल्ली ठेवायला आत आले. ते पवनीकडचे. पडद्याकडे बघत उभेच राहिले. मग एका निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचं गाव जी."

तिथे पाणी होतं. गोसीखुर्दचं. २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालेल्या त्या धरणात वैनगंगेचं पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेलं आणि काठची गावं उठली. आमच्या तक्त्यात मात्र त्या गावात माणसं राहत होती. मुलाला ती चूक वाटली. काका म्हणाले, "नाही जी. त्या साली तं आमी तेथंच होतो. मास्तर आले होते लिवाले."

म्हणजे आकडा खरा होता, पण २०११ पुरता. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही, त्यामुळे आम्ही सगळे आजही तोच आकडा वापरतो.

"मग आता घर कुठं आहे, काका?"

त्यांनी बोट पाण्यापासून सरकवत एका कोरड्या चौकोनावर आणलं. चित्रात आखीव गल्ल्या आणि पत्र्याची छपरं दिसत होती. मी त्या मौजाचा क्रमांक काढला. सकाळी काढलेल्या ओळींपैकीच तो एक होता. रिठी, लोकसंख्या शून्य. पुनर्वसनाचं नवं गावठाण त्याच्यावर बसलं होतं.

मला धडधडलं. मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. आमच्या हिशोबाने त्या उपकेंद्राची गरज पाण्यात दिसत होती आणि काकांच्या गल्लीत कुणी राहतच नव्हतं. गावात बाळंतीण अडली तर काय करायचं, हे नकाशा बघून ठरवणाऱ्याला ही वस्ती दिसलीच नसती.

जनगणनेचा रकाना आम्ही जसाच्या तसा ठेवला, तो आमचा नाही. शेजारी नवा रकाना केला: 'आजची वस्ती, पडताळणी बाकी'. मुलाने प्रत्येक रिठीचं चित्र मोठं करून बघायला घेतलं. रात्री साडेनऊपर्यंत तो उठला नाही.

काकांना मी खुर्ची दिली. ते डोळे मिटून गल्लीगणिक घरं मोजत होते आणि मी लिहून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, "दोन घरं पुण्याले गेले जी. ते लिवू का नको?"