बार्सूमची ओढ

९ मार्च, रात्र

‘जॉन कार्टर’ हा चित्रपट २०१२ साली आजच्याच तारखेला प्रदर्शित झाला, आणि दहाच दिवसांनी, १९ मार्चला, डिस्ने कंपनीने त्यापायी सुमारे वीस कोटी डॉलरचा तोटा होईल असे जाहीर करून टाकले. ज्यांच्या मंगळावरच्या कादंबरीवर तो बेतला होता ते एडगर राइस बरोज १९५० मध्ये गेले तेही १९ मार्चलाच. हा योगायोग कंपनीच्या हिशेबनीसांच्या ध्यानात आला असेल असे मला वाटत नाही.

आज जेवणे आटोपल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहिला. मूळ कादंबरी गेल्या आठवड्यातच पुन्हा वाचून काढली होती, त्यामुळे दोन्ही डोक्यात ताजे असतानाच लिहून ठेवावे म्हणून बसले आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वस्तातल्या मासिकात छापून आलेला, विज्ञानाने केव्हाच खोटा ठरवलेला आणि पडद्यावर सपशेल आपटलेला हा मंगळ इतक्या माणसांना अजून का सुटत नाही, याचे मला पटेल असे उत्तर मी बरीच वर्षे शोधते आहे.

बरोज यांनी ही गोष्ट १९११ मध्ये लिहायला घेतली तेव्हा ते पस्तिशीत होते आणि पेन्सिलींना टोक करण्याची यंत्रे विकण्याच्या धंद्यात होते. त्याआधीचे बरेच उद्योग फसलेले होते. ‘ऑल-स्टोरी’ मासिकाने चारशे डॉलर देऊन ती घेतली आणि १९१२ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत क्रमशः छापली. लेखकाने टोपणनावाने लिहिली, कारण असले काही आपल्या नावावर खपवण्याची त्यांना लाज वाटत होती. पुढे १९१७ मध्ये ती ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तकरूपात आली आणि मालिका वाढत वाढत अकरा पुस्तकांपर्यंत गेली. आपल्याकडे बरोज म्हटले की टारझनच आठवतो, पण त्यांच्या लेखणीतून पहिला उतरला तो हा मंगळ, ज्याला तिथले रहिवासी बार्सूम म्हणतात.

पहिल्या काही प्रकरणांतच एक प्रसंग आहे, आणि माझ्या मते साऱ्या मालिकेचे मर्म त्यात सापडते. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या एका गुहेतून कथानायक जॉन कार्टर अचानक मंगळावर येऊन पडतो. उठून उभा राहायला जातो तर सुमारे नऊ फूट हवेत उडतो, कारण तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के. सरपटत, अडखळत तो एका बुटक्या भिंतीपाशी पोचतो. वर जाड काचेचे छप्पर असते आणि आत अडीच फूट व्यासाची शेकडो अंडी मांडलेली असतात. त्यांतली पाच-सहा नुकतीच फुटलेली आहेत आणि आतली हिरवी, मोठ्या डोक्याची पोरे उन्हात डोळे मिचकावत बसली आहेत. तो ती निरखत असतानाच पाठीमागे हत्यारांचा खणखणाट होतो. वळून पाहतो तर पंधरा फूट उंचीचा, चार हातांचा हिरवा योद्धा चाळीस फुटी भाला रोखून अंगावर येतो आहे. कार्टर जीव खाऊन उडी मारतो, ती तीस फूट उंच जाते आणि त्याला शंभर फुटांवर, त्या बांधकामाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन टाकते.

आपण कुठे आलो, कसे आलो, हे स्वप्न तर नाही ना, या प्रश्नांत दुसरा लेखक आपली दहा पाने घालवील. बरोज उडीत गोष्ट सांगून मोकळे होतात. कार्टर आधी उडी घेतो आणि विचार नंतर करतो, किंबहुना आपल्याला विचार करण्याची सवयच नाही, संकट दिसले की पाय आपोआप त्याच्याकडे वळतात, असे तो स्वतःच सांगतो. मंगळाच्या वेडात सापडलेल्या वाचकाला या बिनदिक्कतपणाची चटक लागते असे मला वाटते. शिवाय प्रकरण संपवण्याची बरोज यांची हातोटी अशी की दिवा मालवायला उठलेला माणूस पुन्हा बसतो. पहिल्या कादंबरीच्या शेवटी मंगळावर हवा पुरवणारा कारखाना बंद पडतो, कार्टर त्याचे दार उघडून कोसळतो आणि जागा होतो तो थेट ॲरिझोनातल्या त्याच गुहेत. आपली पत्नी डेजा थोरिस जगली की गुदमरून मेली हे त्याला दहा वर्षे कळत नाही. दुसऱ्या कादंबरीचा शेवट याहून क्रूर आहे. तो वाचलेल्या ‘ऑल-स्टोरी’च्या वाचकांना १९१३ च्या मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत थांबावे लागले होते.

वेगाइतकीच महत्त्वाची आहे ती तहान. पर्सिव्हल लोवेल या खगोलवेत्त्याने मंगळावर कालवे आहेत, आटत चाललेल्या ग्रहावरच्या शहाण्या लोकांनी ते ध्रुवांवरचे पाणी आणण्यासाठी खणले आहेत, असे पुस्तकांमागून पुस्तकांत ठासून सांगितले होते. बरोज यांनी ती कल्पना उचलली आणि तिच्यावर अख्खे राजकारण उभे केले: समुद्र आटलेले, त्यांच्या तळांवर पिवळसर शेवाळ, ओस पडलेली बंदरे, आणि उरल्यासुरल्या पाण्यासाठी व हवेसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली नगरराज्ये. त्यामुळे तलवारबाजी कितीही अचाट असली तरी खाली एका मरणाऱ्या जगाची उदासी सतत वाहत राहते. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ या यानाने उल्कांच्या आघातांनी खड्डे पडलेल्या ओसाड जमिनीची छायाचित्रे धाडली, तेव्हा कालव्यांचा कायमचा निकाल लागला. चाहत्यांवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लहानपणी मोकळ्या जागेत हात पसरून उभे राहून मंगळाने आपल्याला ओढून घ्यावे म्हणून विनवणी केली होती, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे, आणि पुढे तेच मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या मोहिमेत होते. आपल्या मंगळयानाने फोबोस या मंगळाच्या चंद्राचे छायाचित्र पाठवले तेव्हा त्या ओबडधोबड धोंड्याला मीही मनात ‘थुरिया’ अशीच हाक मारली, कारण बार्सूमवर त्याचे नाव तेच आहे.

या पुस्तकांत खटकण्यासारखेही पुष्कळ आहे. कार्टर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला कप्तान आहे आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही. डेजा थोरिस तेजस्वी, मानी आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारी, तरीही तिला इतक्या वेळा पळवून नेले जाते की बाई म्हणून वाचताना मला कंटाळा येतो. मात्र हाच लेखक दुसऱ्या कादंबरीत जे करतो ते आजही धाडसाचे वाटते. हजार वर्षे जगलेले मंगळवासी स्वेच्छेने इस्स नदीवरून शेवटच्या प्रवासाला निघतात, पुढे स्वर्ग आहे या भरवशावर, आणि परतून कोणी येत नाही. आपली वैतरणी ओलांडल्यावर पलीकडे यमाऐवजी पुरोहितांची खाटिकशाळा निघावी, तसे तिथे निघते. १९१३ मध्ये, करमणुकीच्या मासिकात, हे छापून आले.

चाहत्यांनी या जगाची निगा फार हौसेने राखली आहे. ‘बरोज बिब्लिओफाइल्स’ ही त्यांची संस्था १९६० पासून चालू आहे. मालिकेच्या पाचव्या पुस्तकात मंगळावरच्या बुद्धिबळाचे, म्हणजे ‘जेतन’चे, नियम परिशिष्टात दिले आहेत: काळ्या आणि नारिंगी रंगांची दहा बाय दहा घरे, प्रत्येकाकडे वीस सोंगट्या, आणि राजकन्येला साऱ्या डावात एकदाच निसटण्याची मुभा. लोकांनी तो पट स्वतः तयार केला, तो खेळ खेळले, आणि नियमांतल्या संदिग्ध जागांवर अजून कडाकडा भांडतात.

पडद्याने मात्र या मंगळाला फार ताटकळत ठेवले. १९३६ मध्ये बॉब क्लॅम्पेट या ॲनिमेशनकाराने बरोज यांच्या मुलाला हाताशी धरून ॲनिमेशनची नमुनादाखल दृश्ये तयार केली होती. ती एमजीएम या चित्रपट कंपनीने शेवटी नाकारली, नाहीतर डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या सुमारासच हा मंगळ चित्रपटगृहात आला असता. नंतर कितीतरी दिग्दर्शकांची नावे आली आणि गेली. अखेरीस बालपणापासून या कथांच्या प्रेमात असलेला अँड्र्यू स्टँटन आला, पण तोवर या कादंबऱ्यांतल्या कल्पना इतरांनी इतक्या वापरून झाल्या होत्या की मूळच प्रेक्षकांना नक्कल वाटू लागले. त्यात शीर्षकातून मंगळाचे नावच काढून टाकले. चित्रपटाच्या अगदी शेवटी पडद्यावर ‘जॉन कार्टर ऑफ मार्स’ अशी अक्षरे उमटतात, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असणार.

चित्रपटात पुष्कळ काही उत्तम साधले आहे. दहा पायांचा, बेडकासारख्या तोंडाचा इमानी मंगळी कुत्रा वूला पहिल्या धावेतच मन जिंकतो. विलेम डॅफोने आवाज दिलेला हिरव्या योद्ध्यांचा म्होरक्या टार्स टार्कस माझ्या मनातल्या टार्ससारखाच बोलतो, आणि लिन कॉलिन्सची डेजा थोरिस विदुषीही आहे आणि तलवारबाजही, म्हणजे माझी जुनी तक्रार तिथे बरीचशी मिटली. माझा आक्षेप होता तो कार्टरवर. त्याला मेलेली बायको आणि मुलगी देऊन, कोणाच्याच लढाईत पडायचे नाही असा थकलेला माणूस केले, आणि ज्या बिनदिक्कतपणासाठी आपण पुस्तक उघडतो तोच काढून घेतला. हे मत अजूनही कायम आहे. पण हिरव्या योद्ध्यांच्या वारहून टोळीला तो एकटा सामोरा जातो, वूला तेवढा त्याच्या शेजारी असतो, आणि तलवारीच्या प्रत्येक घावामागून तो पृथ्वीवर स्वतःच्या हातांनी बायकोची कबर खणताना दिसतो, तिथे मायकल जियाकिनोच्या संगीताने मला आजही गप्प केले. पुस्तकात यातले काही नाही, आणि पुस्तकवेड्या चाहत्यांनाही चित्रपटातला सर्वांत आवडता प्रसंग विचारला तर बहुधा तोच सांगतात. मूळ मोडून केलेली गोष्ट मूळाच्या भक्तांना इतकी भिडावी, याचा मेळ मला नीट घालता येत नाही, आणि घातलाच पाहिजे असेही नाही.

२०१४ मध्ये हक्क डिस्नेकडून खुद्द बरोज यांनी स्थापन केलेल्या कंपनीकडे परत गेले. त्या वेळी स्टँटनने पुढच्या दोन भागांसाठी योजलेल्या नावांच्या सुबक अक्षरपट्ट्या सर्वांना दाखवल्या: ‘गॉड्स ऑफ मार्स’ आणि ‘वॉरलॉर्ड ऑफ मार्स’. त्या बघून चाहते हळहळले, आणि त्यातला पहिला भाग झाला असता तर इस्स नदीचा प्रवास कोणत्या दृश्याने उघडायला हवा होता, यावर वाद घालू लागले. माझे मत असे की पुरोहितांचे रहस्य लपवून ठेवण्याऐवजी प्रेक्षकाला आधीच कळलेले असावे, आणि होडीत बसलेल्या म्हाताऱ्यांना ते कळलेले नसावे.