बैठक मोडली आणि आराखड्याचा क्रम बदलला

नंदुरबार जिल्ह्यातल्या ग्रामोद्योगांसाठी पायाभूत सुविधांचा आराखडा होत होता, त्यातला अक्राणी तालुक्याचा भाग माझ्याकडे आला. हाती पडलेल्या मसुद्यात पहिलं काम होतं धडगावला आमचूर प्रक्रिया केंद्र. तालुक्याचं ठिकाण, थ्री-फेज वीज, मोठी गाडी पोचेल असा रस्ता. मे महिन्यात, आमचुराचा हंगाम ऐन भरात असताना, मी तो मसुदा घेऊन वरच्या एका गावी गेले.

सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी घरं नव्हेत. पावरा या आदिवासी समाजातल्या कुटुंबाचं घर त्याच्या शेतात असतं, आणि गाव डोंगराच्या सोंडांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेलं. गाडी खालच्या पाड्याशी थांबली. पुढची चढण पायी. वाटेतल्या प्रत्येक अंगणात बाया कैऱ्या सोलून काप करत होत्या आणि उघड्या खडकावर पांढऱ्या फोडी वाळत होत्या.

शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला. गुरुजी पावरी बोलीतून समजावत होते. कैऱ्या धडगावच्या केंद्राला दिल्या तर कसं, असं मी विचारलं. एका वयस्क बाईंनी उलट विचारलं, नेणार कोण आणि कशावर? खालच्या पाड्यापर्यंत कैऱ्यांच्या पाट्या डोक्यावरून न्यायच्या, तिथून जीप भाड्याने करायची. वाळवलं तर तेवढ्याच मालाची जेमतेम एक गोणी होते, ती बाजाराच्या दिवशी सोबत नेता येते. हिशेब बिनतोड होता. कैरीच्या गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी, शिवाय साल आणि कोय. केंद्र खाली ठेवलं तर या बायांनी डोंगरावरून पाणीच वाहायचं. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये उद्योगांच्या जागेविषयी हेच मांडलं होतं: ज्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं, त्याचा कारखाना मालाच्या उगमाकडे ओढला जातो.

बोलणं ऐन रंगात आलं आणि आभाळ भरून आलं. कोणी काही सांगितलं नाही; क्षणात ओटा रिकामा झाला. बाया, पोरं, म्हातारे, सगळे आपापल्या खडकाकडे धावले. मीही एका अंगणात ओंजळीओंजळीने फोडी टोपलीत भरू लागले. वळवाची सर थोडाच वेळ होती, पण निम्म्या फोडी भिजल्या. भिजलेली फोड काळी पडते, बुरशी धरते. व्यापारी गोणीत हात घालून रंग बघतो आणि तिथल्या तिथे भाव पाडतो. कैरी उतरवण्यापासून सोलण्या-कापण्यापर्यंतची सगळी मेहनत त्या एका सरीत जाते. इथल्या उद्योगाला सगळ्यात आधी छप्पर हवं, मोटर नंतर.

पाऊस ओसरल्यावर बैठक पुन्हा बसली. वाळवणासाठी प्रत्येक पाड्यावर पक्की शेड बांधावी असं ठरत आलं, तेव्हा प्रश्न आला जागेचा. बहुतेक जमीन वनखात्याची. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेची शिफारस असेल तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन १३ सुविधांसाठी देता येते. तोडायची झाडं हेक्टरी ७५ च्या आत हवीत. त्या यादीत रस्ता आहे, वीजवाहिनी आहे, अपारंपरिक ऊर्जा आहे, कौशल्य प्रशिक्षण केंद्र आहे. गोदाम किंवा वाळवणाची शेड नाही. एका शेतकऱ्याने आपल्या वनपट्ट्यातली, म्हणजे याच कायद्याने हक्क मिळालेल्या वनजमिनीतली, जागा आनंदाने देऊ केली, पण पट्टा फक्त वारसाने पुढे जातो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शेड प्रशिक्षण केंद्राच्या नावाखाली बसवावी, असंही कोणी सुचवलं. मला ते मान्य नव्हतं. उद्या तपासणी झाली तर ग्रामसभा अडचणीत येईल.

वाट काढली ती एका तरुणाने. बांबू इथलाच, सुतार इथलेच. उचलता येतील अशा बांबूच्या मांडण्या, वर ताणायचा पारदर्शक प्लास्टिक कागद, हंगाम संपला की सोडून घरात ठेवायचं. बांधकाम नाही, म्हणून जागेचा प्रश्नच नाही, आणि प्रत्येक घराला आपल्याच अंगणात वाळवता येतं. फोडी जमिनीपासून उचलल्या की धूळ-खडे लागत नाहीत आणि वारा खालूनही खेळतो.

सुधारित क्रमात बांबूच्या मांडण्या वर गेल्या. त्यांच्या खाली पाड्यांच्या वाटेवरच्या ओढ्यांवर मोऱ्या, कारण पावसाळा लागला की वाट तुटते आणि घरात उरलेला माल ओलीत पडून राहतो. रस्ता त्या १३ सुविधांमध्ये येत असल्याने त्यासाठी ग्रामसभेने त्याच संध्याकाळी ठरावाचा मसुदा केला. धडगावचं केंद्र मी काढलं नाही. दळण आणि पॅकिंगला वीज लागतेच, आणि सुकी फोड तिथवर नेणं परवडतं.

आता खरी ओढाताण लेखाशीर्षाची, म्हणजे हा खर्च सरकारी हिशेबात कोणत्या सदराखाली टाकायचा याची आहे. इमारतीसाठी पैसे मिळतात, कारण ती मोजून ताब्यात घेता येते. उचलून ठेवायच्या बांबूच्या मांडणीला ती चौकट बसत नाही. मोऱ्यांचा प्रस्ताव पुढे सरकला आहे. मांडण्यांसाठी मी घरागणिक यादी आणि सुतारांचा मजुरीचा अंदाज जोडून टिप्पणी पुन्हा पाठवली आहे, आणि हा खर्च पुढच्या कैरीच्या आत मंजूर झालाच पाहिजे असं तिच्यात लिहिलं आहे.