सगळ्यांना सगळं येतं तेव्हा

जेपर्डी या अमेरिकन टीव्हीवरच्या क्विझचा रोजचा एपिसोड हातातलं काम करता करता एका कानाने ऐकला तरी चालतो. तीन माणसं, 61 क्लू म्हणजे प्रश्न, एक जण जिंकतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो, बाकीचे दोघं घरी. पण टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स लागली की मी फोनसुद्धा बाजूला ठेवते, कारण तिथे उभा असलेला प्रत्येक जण आधीच कितीतरी जणांना लोळवून आलेला असतो आणि त्यामुळे एक गंमत होते, ज्ञानाचा भावच पडतो. तिघांनाही उत्तर येत असतं. तिघांच्याही तोंडावर दिसत असतं की येतंय. मग पैसे कोणाला, तर ज्याचा अंगठा वेळेवर पडला त्याला.

हा अंगठ्याचा प्रकार जरा सांगायलाच हवा कारण टीव्हीवर तो नीट दिसत नाही. आपल्याला वाटतं ज्याने आधी बटण दाबलं तो बोलतो. तसं नाहीये. होस्ट क्लू पूर्ण वाचून होईपर्यंत बझर बंदच असतात, शेवटचा शब्द संपला की कॅमेऱ्यामागे बसलेला एक माणूस ते चालू करतो, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे दिवे लागतात, आणि त्याच्या आधी ज्याने घाई केली त्याचा बझर पाव सेकंद लॉक. पाव सेकंदाने काय होतंय असं वाटेल, पण तेवढ्यात शेजारच्याचं नाव पुकारून झालेलं असतं. म्हणून बघा, वरून चेहरा एकदम शांत, साधू बसल्यासारखा, आणि खाली हातातलं ते जाड पेनासारखं यंत्र टकटक टकटक टकटक चाललेलं. बझर आपला लागला नाही की काहीजण खांदे पाडतात, काहीजण हसतात, आणि मला ते हसणारे जास्त आवडतात.

2011 मध्ये आयबीएमचा वॉटसन नावाचा कॉम्प्युटर केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या जुन्या चॅम्पियनांशी खेळला आणि जिंकला तेव्हा हेच झालं होतं. सगळीकडे चर्चा अशी की मशीनला किती माहिती आहे बघा. अरे पण समोरच्या दोघांना काय कमी माहिती होती, जेनिंग्ज 2004 मध्ये सलग 74 मॅच जिंकलेला माणूस! फरक एवढाच की वॉटसनला बझर चालू झाल्याचा सिग्नल थेट मिळायचा आणि त्याचं बटण दाबणारं यंत्र कधी दमायचं नाही की दचकायचं नाही. मात्र त्याच सामन्यात अमेरिकन शहरांच्या कॅटेगरीत फायनलचा क्लू आला (म्हणजे शेवटचा, ज्यावर आपल्या कमाईतले किती लावायचे ते क्लू बघायच्या आधीच ठरवायचं असतं, उत्तर बरोबर तर तेवढे मिळतात, चूक तर जातात) की या शहराच्या सगळ्यात मोठ्या एअरपोर्टला दुसऱ्या महायुद्धातल्या हीरोचं नाव आहे आणि दुसऱ्या नंबरच्या एअरपोर्टला त्याच युद्धातल्या एका लढाईचं, उत्तर शिकागो, ओहेअर आणि मिडवे, आणि वॉटसनने लिहिलं टोरांटो, जे कॅनडात आहे. पुढे पाच प्रश्नचिन्हं. लोक अजून त्यावर हसतात. पण मला त्यात वेगळंच काहीतरी भारी वाटतं, त्याने लावले किती होते तर फक्त 947 डॉलर. म्हणजे आपल्याला हे येत नाहीये हे त्या डब्याला पक्कं ठाऊक होतं, जे भल्याभल्या माणसांना ठाऊक नसतं.

तर अंगठा झाला, आता दुसरी गोष्ट पैसे लावण्याची, आणि इथे मी तासभर बोलू शकते. 2019 मध्ये जेम्स होल्झहावर नावाचा एक माणूस आला, लास वेगसचा, धंद्याने स्पोर्ट्सवर पैसे लावणारा. सराव म्हणून त्याने पेन्सिलीला टेप गुंडाळून तिचा बझर केला आणि अभ्यास म्हणून लायब्ररीतली लहान मुलांची पुस्तकं वाचली! मला हे फार पटलं. कुठल्याही विषयात आपल्याला काडीचा रस नसेल तर त्याची मोठी जाड पुस्तकं वाचून झोपच येणार, मुलांच्या पुस्तकात तेच चित्रं काढून, ठळक ठळक, चाळीस पानांत. आणि क्विझला तेवढंच लागतं, खोलात जाऊन कोणी विचारत नाही. या माणसाने एका एपिसोडमध्ये 1,31,127 डॉलर कमावले आणि 32 मॅच जिंकला. मग तेहतिसाव्या मॅचला शिकागोमधली एक लायब्रेरियन आली, एमा बेचर, जिने मास्टर्सचा पेपरच जेपर्डीचा कुठला क्लू सोपा आणि कुठला अवघड हे कॉम्प्युटरला ओळखता येतं का यावर लिहिला होता. (असा विषय घेऊन डिग्री मिळते हे आम्हाला आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही.)

शेवटच्या प्रश्नाआधी तिच्याकडे 26,600, त्याच्याकडे 23,400 आणि तिसऱ्याकडे 11,000. नेहमी हजारोंनी लावणाऱ्या होल्झहावरने त्या दिवशी लावले फक्त 1,399. उत्तर बरोबर आलं त्याचं, तरी हरला, आणि लगेच लोकांनी सुरू केलं की मुद्दाम हरला, कंटाळला असेल, घरी जायचं असेल. आता हिशोब बघा. त्याला माहीत होतं की पुढे असलेली बाई शहाणी असेल तर ती त्याच्या दुपटीवर एक डॉलर जास्त होईल इतके लावणार, म्हणजे तिचं उत्तर बरोबर आलं तर याने काहीही लावलं तरी उपयोग नाही. तो जिंकणार फक्त ती चुकली तरच. आणि ती चुकली की मागे उरतो तिसरा, तो सगळे लावून दुप्पट झाला तर 22,000. 23,400 मधून 1,399 वजा केले की 22,001. म्हणजे स्वतःचं उत्तर चुकलं असतं तरी तो तिसऱ्याच्या एक डॉलर पुढेच राहिला असता! आणि बाई शहाणी निघाली, तिने 20,201 लावले, उत्तर बरोबर, 46,801, त्याच्या दुपटीवर बरोब्बर एक. दोघांनी एकमेकांच्या मनातलं डॉलरपर्यंत अचूक वाचलं आणि बघणारे म्हणतात मॅच फिक्स. त्याच वर्षी नोव्हेंबरात टूर्नामेंटच्या फायनलला दोघं परत समोरासमोर आले, तिथे तो जिंकला.

पण माझी सगळ्यात आवडती टूर्नामेंट 2022 ची. 21 जण होते, त्यातल्या तिघांना थेट सेमीफायनलला बसवलं होतं कारण ते त्या सीझनचे दादा लोक, 40 मॅच जिंकलेली एमी श्नायडर, 38 जिंकलेला मॅट अमोडिओ आणि 23 जिंकलेली मटेआ रोच. त्यातले दोघं सेमीलाच बाहेर पडले. फायनलला एमीच्या समोर आले अँड्र्यू ही, म्हणजे पाच मॅच जिंकलेला सॉफ्टवेअरवाला, आणि सॅम बट्री, प्राध्यापकांची वेगळी टूर्नामेंट झाली होती तिचा विजेता, जो हरतानाही अशा मजेत असायचा की त्याला बघूनच बरं वाटायचं. जो आधी तीन मॅच जिंकेल तो चॅम्पियन. होस्ट कोण, तर तोच केन जेनिंग्ज.

मध्ये एक भांडण झालं ते सांगते. क्लू होता बायबलमधल्या पॉलच्या पत्रांवर, नव्या करारातल्या कुठल्या पत्रात जुन्या करारातली अवतरणं सगळ्यात जास्त आहेत. एमीने हिब्रूज लिहिलं ते बरोबर धरलं, सॅमने रोमन्स लिहिलं ते चूक. आता हिब्रूज हे पत्र पॉलने लिहिलंच नाही असं आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात, मग क्लूमध्ये पॉलचं पत्र म्हटलंय तर रोमन्स का नाही? माझं स्पष्ट मत आहे की प्रश्न काढणाऱ्यांचं चुकलं, अशा ठिकाणी वाद असलेली गोष्ट घ्यायचीच कशाला, लाखो डॉलरची टूर्नामेंट चाललीये. बिचारा सॅम काही बोलला नाही.

आणि मग सहावी मॅच, 21 नोव्हेंबर. तोपर्यंत एमीच्या दोन, अँड्र्यूच्या दोन, सॅमची एक, म्हणजे त्या दिवशी एमी किंवा अँड्र्यू जिंकले तर तिथेच चॅम्पियन, आणि सॅम जिंकला तर तिघांच्याही दोन-दोन. शेवटच्या क्लूची कॅटेगरी नाटकं. क्लू असा की 12 जानेवारी 1864 च्या वॉशिंग्टन इव्हनिंग स्टारमध्ये या विनोदी नाटकाच्या प्रयोगाची बातमी होती, थिएटर भरलेलं आणि प्रेक्षक खूश. बस्स. वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं हे कोणाला माहीत असणार, दीडशे वर्षांपूर्वीच्या पेपरातली बातमी! पण ती कोणी पाठ केलेली नसतेच, करायचीही नसते. वॉशिंग्टन म्हटलंय, 1864 म्हटलंय, नाटक विनोदी म्हटलंय. आता त्या काळातलं वॉशिंग्टनमधलं कुठलं नाटक आजही लोकांना आठवतं? एकच, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकन बघायला गेला होता आणि तिथेच त्याला गोळी घातली ते. क्लूमध्ये लिंकनचं नाव नाही, गोळी नाही, 1865 नाही, मुद्दाम एक वर्ष आधीची तारीख दिलीये म्हणजे घाईने बघणारा चुकावा. पण तारीख एक वर्ष मागे आहे म्हणूनच विचार करणाऱ्याला खूण पटते. असा क्लू काढणाऱ्याला मी बक्षिसातला वाटा दिला असता, आधीचं ते पॉलचं प्रकरण माफ करून.

लिंकनपर्यंत सोफ्यावरूनही पोहोचता येतं, पण नाटकाचं नाव? अवर अमेरिकन कझिन. लिहिणारा टॉम टेलर, इंग्रज माणूस, शंभराच्या आसपास नाटकं लिहिली त्याने, आणि आज त्यातलं एकच कोणाला माहीत असेल तर ते प्रयोग अर्धवट राहिला म्हणून. लिंकनला गोळी घालणारा बूथ स्वतः नट होता, त्याला ते नाटक ठाऊक होतं, सगळ्यात मोठा हशा कुठल्या वाक्याला येतो ते धरून त्याने वेळ साधली. प्रेक्षक हसत होते म्हणून पहिल्यांदा कोणाला काही कळलंच नाही. ते 30 सेकंदांचं म्युझिक चालू असताना माझ्या डोक्यात हे सगळं आलं, फक्त नाव आलं नाही. एमीला आलं, तिने ते लिहिलं आणि अडीच लाख डॉलर घेऊन गेली. त्या एका क्लूला बझर नसतो, तिघांनाही सारखाच वेळ असतो, तिथे अंगठा चालत नाही.