पांगारा फुलला की वनभोजन

आमच्या शाळेच्या वनभोजनाची तारीख कधी कॅलेंडरात शोधावी लागली नाही. कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधली आमची वाडी. गडग्याकडेचा, म्हणजे दगडी कुंपणालगतचा, पांगारा पानं टाकून लालभडक झाला, की वर्गात कुजबुज सुरू व्हायची, आणि दोन-चार दिवसांत गुरुजी फळ्यावर लिहायचे, 'येत्या शनिवारी दप्तर नको, पाण्याचा तांब्या आणा.' शिमग्याच्या अलीकडचा, वार्षिक परीक्षेच्या आधीचा तो दिवस. वर्षभरात स्नेहसंमेलन व्हायचं, प्रभातफेरी निघायची, क्रीडास्पर्धा व्हायच्या. पण आज आम्ही जुने विद्यार्थी भेटलो की बोलणं वळतं ते वनभोजनाकडे.

सकाळी उजाडताच निघायचं, कारण सुरंगी. देवाच्या राईच्या अलीकडे सुरंगीची जुनी झाडं होती. सुरंगीची कळी उन्हं वर यायच्या आत काढावी लागते, मग ती उमलते. फुलं थेट फांदीला लगडलेली असतात आणि भोवती मधमाश्यांचा गुंजारव चालू असतो. झाड दिसायच्या आधी वास यायचा आणि वासाच्याही आधी तो आवाज. वाडीतल्या बायका शिड्या लावून कळ्या काढत असायच्या. आम्ही गेलो की एखादी काकी ओंजळभर कळ्या आमच्या बाईंच्या पदरात टाकायची. बाई चालता चालता वळेसर गुंफायच्या आणि मुलींच्या केसांत माळायच्या. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. माझ्या बहिणीच्या भूगोलाच्या पुस्तकात ती जूनपर्यंत दरवळायची.

राईतून बाहेर आलो की पांगाऱ्यांची रांग. काटेरी फांद्या, पान एकही नाही, आणि टोकाटोकाला लाल फुलांचे घोस. साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी त्यांवर तुटून पडलेले असायचे. कुंपणाला पांगारा, मिरवेल चढवायलाही पांगारा. फांदी तोडून रोवली की रुजते, म्हणून आमच्याकडे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. गुरुजी मात्र दरवर्षी तिथे थांबायचे. एखादी मोडून पडलेली फांदी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वजन बघा." सुकलेली फांदी असली तर हातात काही आहे असं वाटायचंच नाही. "हे लक्षात ठेवा, दुपारी लागणार आहे." बस्स, एवढंच. पुढे काही सांगायचे नाहीत.

जेवण काजूच्या बागेत. पत्रावळी आम्हीच लावायचो, माडाच्या हिराने पानाला पान टाचून. ज्यांच्या घरी हे रोजचं होतं त्यांची पत्रावळ घट्ट व्हायची, आणि ती मुलं इतरांना शिकवायची. वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांचा गुरू असायचा, बाईसुद्धा त्याच्याकडून शिकायच्या. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. ओले काजू सोलणं हे जोखमीचं काम. टरफलाचा डीक लागला की कातडी सोलवटते. म्हणून मोठ्या मुली हाताला खोबरेल तेल आणि चुलीतली राख चोळून बसायच्या, विळीवर काजू उभा चिरायच्या आणि गर काडीने अलगद उचलायच्या. साल निघालेला तो पांढरा गर पाण्यात पडायचा आणि आम्ही भोवती टपून बसायचो. जेवणानंतर बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, मीठ लावून खायचे. बोंडवाच्या रसाचे डाग शर्टावरून जात नाहीत. घरी आया ओरडायच्या, पण वनभोजनाचा शर्ट म्हणून तो वेगळाच ठेवायच्या.

आणि मग दुपार. एक वर्ष कुडाळजवळची पिंगुळी, एक वर्ष सावंतवाडी, असा शाळेचा पायंडा होता.

पिंगुळीला ठाकर समाजाच्या घरी अंगणात बसायचो. तेव्हा तिथे संग्रहालय वगैरे नव्हतं. फडक्यात बांधलेली चित्रकथीची पोथी सोडली जायची. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, एका पोथीत एक आख्यान. पाठीला पाठ लावून चिकटवलेले कागद, त्यामुळे पान उलटलं की गोष्ट पुढे. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने आजोबा गात गात सांगायचे आणि बोटाने चित्रातलं पात्र दाखवायचे. मोठमोठे डोळे, एका बाजूने काढलेले चेहरे, उधळलेले घोडे. कळसूत्री बाहुल्या बाहेर निघाल्या की पहिलीतली मुलं उठून पुढे जायची आणि दोऱ्यांकडे वर बघत राहायची. पुढे तिथल्याच परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या संध्याकाळी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जणू सगळ्यांच्याच घरी पद्मश्री आली होती!

सावंतवाडीचं वर्ष असलं की एसटीने मोती तलावापाशी उतरायचं आणि आधी चितारआळी, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांची गल्ली. दुकानांच्या दर्शनी लाकडी आंबे, केळी, फणस, वांगी, भातुकली, पांगुळगाडे, रंगीत पाट. पण गुरुजी दुकानात थांबू द्यायचे नाहीत, थेट मागच्या पडवीत न्यायचे. तिथे एक चितारी काका बसलेले असायचे. समोर फिकट पांढरट लाकडाचा ओबडधोबड तुकडा. पटाशीचे चार-सहा घाव, मग कानशीने घासणं, आणि त्यातून आंब्याचं नाक बाहेर यायचं. हो, आंब्याला नाक असतं, आणि ते जमलं नाही तर तो आंबा नव्हेच, असं काकांचं म्हणणं. मग पांढरा लेप, तो सुकला की पिवळा, आणि देठाकडून खाली उतरत जाणारी तांबूस झाक. ती झाक ते बोटाने पसरायचे, कुंचल्याने नाही. एखाद्याने हात पुढे केलाच तर म्हणायचे, "बघ रे झिला, पण हात लावू नको. रंग ओलो आसा."

लाकूड कसलं, हे गुरुजी तेव्हा विचारायचे. आणि नव्या मुलांना ते हातात घेतल्यावरच कळायचं. तेच वजन, किंवा वजनच नाही! सकाळी ज्याच्या फुलांवर साळुंक्या भांडत होत्या तो पांगारा. सगळी पडवी एका सुरात ओरडायची, "पांगारो!" काका मान डोलवायचे. मला आजवर कुठल्याही पाठाने एवढं शिकवलेलं नाही. झाड वेगळं आणि खेळणं वेगळं असं आम्हाला त्यानंतर कधी वाटलंच नाही.

पलीकडे लाखकाम चालायचं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. वरून केवड्याचं पान दाबून धरलं की तिला चकाकी येते. केवड्याचा हा उपयोग आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता.

शेवटी राजवाडा. दरबार हॉलमध्ये चित्रकार गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवत बसलेले असत. ही कला जवळजवळ संपत आली असताना सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या सुमारास जुन्या चिताऱ्यांच्या मदतीने ती पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या. दशावतारी गंजिफेत एकेका अवताराचा एक असे १० रंग, म्हणजे पत्त्यांचे गट, प्रत्येकात १२ पानं, अशी १२० गोल पानं. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू, रामाची बाण, कल्कीची तलवार. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. आम्ही पान बघून अवतार ओळखायची पैज लावायचो. वराहाची खूण शंख आणि नृसिंहाची चक्र, इथे सगळे गोंधळायचे, आणि चित्रकार कुंचला न थांबवता बरोबर उत्तर सांगायचे.

येताना प्रत्येकाला एक लाकडी वस्तू घ्यायची मुभा होती. पैसे ज्याच्याकडे नसत त्याचे कोण भरतं हे आम्हाला कधी कळू दिलं गेलं नाही. रिकाम्या हाताने मात्र कुणी परतलं नाही. मी घेतलेला काजू-बोंडू अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

वनभोजन अजून चालू आहे. पटसंख्या घटली, पण मुलं जातात. एसटीचा आणि खेळण्यांचा खर्च आता आम्ही जुने विद्यार्थी वर्गणी काढून करतो. मागच्या खेपेला मीही बरोबर गेलो होतो. त्याच पडवीत आता काकांचा मुलगा बसतो. तो म्हणाला, कुंपणं चिऱ्याची आणि तारेची झाली, पांगारा मिळवायला आता हिंडावं लागतं. म्हणून यंदा ठरलंय, शाळेच्या मागच्या हद्दीला तार घालायची नाही, पांगाऱ्याचे खुंट लावायचे. ज्यांच्या परड्यात पांगारा आहे त्यांनी मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या मे अखेरीस तोडून सावलीत उभ्या ठेवाव्यात. मिरगाच्या पहिल्या पावसात मुलं येऊन घेऊन जातील.