आत्याच्या रॅलेच्या हबसाठी तेल शोधताना

पुण्यात चांदणी चौकाकडचा चढ लागला म्हणून मी पहिला गिअर टाकला आणि पायाखालचं पेडल एकदम रिकामं फिरलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या गिअरवर आणलं तर सायकल निमूट पुढे गेली. शेवटी उतरून हातात धरून वर नेली.

सायकल आत्याची. लेडीज रॅले, हिरवा रंग आता जेमतेम ओळखू येतो. आजोबांनी १९६१ साली ओळखीतल्या एकाकडून जुनी घेतली आणि आत्या तिच्यावरून कॉलेजला, पुढे नोकरीला जात राहिली. मागच्या चाकाच्या मधोमध ते जाडजूड स्टर्मी आर्चरचं तीन गिअरचं हब. त्यावर ‘एडब्ल्यू’ आणि ‘५४’ असे ठसे आहेत, म्हणजे हब १९५४ चं. नॉटिंगहॅमच्या या कंपनीने हे मॉडेल १९३६ मध्ये आणलं आणि नंतर ते जगभर लाखो सायकलींना बसलं. जिन्याखाली वीसेक वर्षं पडलेली ही सायकल मी गेल्या पावसाळ्यानंतर बाहेर काढली. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, साखळी सगळं नवीन घातलं. हबला मात्र कुणी हात लावला नव्हता.

दुकानात दाखवली तर उत्तर आलं, “ताई, गिअर गेला. साधं फ्रीव्हीलवालं चाक टाकून देतो, कटकट संपेल.” मला ते काही पटेना. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती ८१ वर्षांची आहे, आता सायकल चालवत नाही, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “दुसऱ्या-तिसऱ्यावर चालवताना टिकटिक येते का?”

येत नव्हती. सायकल अगदी मुकी चालत होती आणि मला तेच चांगलं लक्षण वाटत होतं.

“मग आतले कुत्रे चिकटलेत,” आत्या म्हणाली. कुत्रे म्हणजे एकाच दिशेला अडणारे, स्प्रिंगवर बसलेले छोटे खटके. “तेल घालायचं असतं त्याला. मधे झाकण आहे बघ.”

हबच्या पोटावर खरंच एक चिमुकलं पत्र्याचं झाकण होतं, नखाने उचललं की उघडणारं. मी ते इतके दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आत काय चालतं ते समजून घेतल्याशिवाय तेल निवडता येणार नाही, म्हणून मी दोन रात्री त्यातच घालवल्या. मधल्या आसाला वीस दात्यांचा एक गिअर पक्का असतो, तो फिरत नाही. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेले वीस-वीस दात्यांचे चार छोटे गिअर फिरतात आणि त्या सगळ्यांना बाहेरून साठ दात्यांचं कडं वेढून असतं. दुसऱ्या गिअरला चाक सरळ मागच्या, साखळीच्या दातेरी चाकाइतकंच फिरतं. पहिल्याला तीन चतुर्थांश, तिसऱ्याला एक पूर्णांक एक तृतीयांश. पहिल्या गिअरमध्ये चाकाला ओढतो तो पिंजरा, त्याच्यावरच्या दोन कुत्र्यांमार्फत. दुसऱ्या-तिसऱ्यात हब या पिंजऱ्यापेक्षा जोरात फिरतं, म्हणून ते कुत्रे नुसते दात्यांवरून घसरत जातात आणि टिकटिकतात. त्यांच्यामागे केसाइतक्या बारीक तारेच्या स्प्रिंगा आहेत. आत चिकटा झाला की ती स्प्रिंग कुत्र्याला उचलू शकत नाही. टिकटिक थांबते आणि पहिला गिअर रिकामा फिरतो. आत्याचं निदान तंतोतंत बरोबर होतं.

चिकटा कसला, ते झाकणातून काडी घालून पाहिलं. काडीला तपकिरी, गुळाच्या पाकासारखं काहीतरी लागलं आणि हलकासा ओळखीचा वास आला. आत्याला आठवलं: रॅलेसोबत आलेली तेलाची छोटी कुपी संपल्यावर आजोबा शिलाई मशीनचं तेल घालायचे. ते गेल्यावर घरात जे हाताशी होतं ते, म्हणजे खोबरेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, हे पुण्यात थंडीत डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण गोठणं हे त्यातल्या त्यात बरं, उन्हात पुन्हा पातळ होतं. वर्षानुवर्षं हवेशी संबंध आला की बरीचशी खाण्याची तेलं खराब होऊन घट्ट होत जातात आणि काहींची तर रोगणासारखी पापुद्री बनते. यंत्रात वनस्पतीचं तेल घालू नये ते यासाठी. खनिज तेल उडेल, गळेल, काळं पडेल, पण त्याचा असा गोंद सहजासहजी होत नाही.

साफ करायला रॉकेल हवं होतं. ते आता मिळेना, म्हणून डिझेल आणलं. चाक काढून बादलीवर आडवं ठेवलं, झाकणातून इंजेक्शनच्या सिरिंजने (सुई न लावता) डिझेल सोडलं, हाताने साखळीचं चाक पुढे-मागे फिरवलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी बादलीत चहाच्या चोथ्यासारखं काळपट पाणी. आठवड्यात तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मी चाक फिरवत असताना आतून एक बारीक ‘टक्’ आला. थोडं थांबून दुसरा. मग सलग. आत्या आतल्या खोलीतून म्हणाली, “आली बघ!”

आता खरा प्रश्न. आत घालायचं काय?

पहिला सल्ला ग्रीसचा मिळाला. छर्‍यांना ग्रीस हवंच, डिझेलने ते धुऊन गेलं होतं म्हणून एका जुन्या कारागिराकडून ते पुन्हा भरून घेतलं. पण कुत्र्यांवर घट्ट ग्रीस म्हणजे पुन्हा तोच आजार. नवीन काळातली बरीच हब खास पातळ ग्रीस भरून येतात हे खरं, पण ज्या हबला तेलाचं झाकण दिलंय त्याला तेलच द्यावं.

दुसरं, शिलाई मशीनचं तेल. आजोबा तेच वापरायचे, म्हणून मी विश्वासाने घातलं. तीन दिवसांत ते सगळं बाहेर. या हबला रबरी सील नसतात, थोडं तेल दोन्ही बाजूंनी झिरपणं हे त्याच्या रचनेतच आहे आणि त्याबरोबर आतली घाणही बाहेर येते. पण इतकं पातळ तेल झिरपत नाही, धावतं. आऱ्यांवरून ओघळून ते रिमपर्यंत गेलं आणि उताराला ब्रेक दाबल्यावर सायकल थांबेना. त्या दिवशी मी खरंच घाबरले. रिम साबणाने तीनदा धुतली आणि ब्रेकचे नवे रबर पुन्हा बदलले.

मग नाना पेठ. गाड्यांच्या सुट्या भागांची एवढी दुकानं दुसरीकडे नाहीत, तिथे मिळणार याची खात्री होती. पहिल्या दुकानात सांगितलं, “गिअर आहे ना? मग नव्वद नंबर घाला.” दुसऱ्या दुकानात मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० पुढे केलं. मी मनात ठरवलं होतं ते एसएई २० च्या (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर) आसपासचं तेल, कारण जुने जाणकार या हबला तसं हलकं तेलच सुचवतात. पण सुटं एसएई २० कुणाकडेच नव्हतं आणि जे होतं ते लिटरच्या डब्यात. मला लागणार महिन्याला अर्धा चमचा.

बसमधून परत येताना डब्यांवरच्या आकड्यांचा विचार करत होते. घरी येऊन वाचलं तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती मला कुणीच सांगितली नव्हती. इंजिन ऑइलचा तो ४० चा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेल्या घट्टपणावरून ठरतो, कारण इंजिन तापतं. गिअर ऑइलच्या नव्वदचं मोजमाप तर वेगळ्याच पट्टीवर आहे. नव्वद नंबर हे इंजिनच्या ४० किंवा ५० इतकंच घट्ट असतं, दुप्पट नाही. सायकलचं हब मात्र कधीच तापत नाही. ते हवेच्या तापमानालाच राहतं. म्हणजे मला पाहायचा होता तो ४० अंशांचा आकडा, आणि कारखान्यातल्या तेलांवर नेमका तोच छापलेला असतो. आयएसओ ६८ म्हणजे ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक (हे घट्टपणाचं एकक). चाळीस अंश म्हणजे आमचा एप्रिलच. त्या मापाने २०डब्ल्यू-४० जवळपास दुप्पट घट्ट भरतं, शिलाई मशीनचं तेल बहुधा दहा ते बावीसच्या दरम्यान. आणि ६८ नंबरचं तेल एसएई २० च्या अगदी शेजारी बसतं.

आमच्या मजल्यावरच्या काकांचं भोसरीला लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांना विचारलं, “काका, तुमच्याकडे अडुसष्ट नंबर आहे का?” ते म्हणाले, “कुठलं अडुसष्ट? हायड्रॉलिक की स्लाइडवे?” हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मी पुन्हा फसले असते. दोन्हींचा आकडा एक, स्वभाव वेगळा. स्लाइडवेच्या तेलात मुद्दाम चिकटपणा घातलेला असतो, मशीनच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांवरून ते ओघळू नये म्हणून. काकांनी दोन्ही तेलांचा एकेक थेंब माझ्या बोटांवर ठेवला. बोटं लांब केली तर स्लाइडवेची तार निघाली, मधासारखी. हायड्रॉलिकची तार लगेच तुटली. केसाएवढ्या स्प्रिंगला कुठलं झेपेल ते सांगायची गरज उरली नाही. हायड्रॉलिकच्या ड्रमवर ‘एडब्ल्यू ६८’ लिहिलं होतं. हे एडब्ल्यू म्हणजे झीज रोखणारं, आमच्या हबच्या नावाशी त्याचा संबंध नाही. तरी ती अक्षरं पाहून मला फार बरं वाटलं.

काकांनी शंभर मिली तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत दिलं. पैसे घेतले नाहीत. मी घरी येताच तिच्यावरचं औषधाचं लेबल खरवडून काढलं आणि मोठ्या अक्षरांत ‘सायकल तेल, पिऊ नये’ लिहून ती माळ्यावर ठेवली. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल दोन्ही आहेत.

पहिल्यांदा दोन चमचे घातलं, नंतर महिन्याला अर्धा. पहिला गिअर धरायला लागला. एकदा मात्र पुन्हा पेडल रिकामं गेलं आणि माझा जीव खाली-वर झाला. या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. तो दोष तेलाचा नव्हता, केबल सैल होती. या हबला त्या दोन गिअरांमध्ये एक रिकामी जागा आहे. लिव्हर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या भोकातून पाहायचं, गिअरच्या केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या आतल्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. जुळवला, संपलं.

एका मित्राने हेच तेल त्याच्या अकरा गिअरच्या शिमानो अल्फिनला घालू का विचारलं. मी नाही म्हणाले. त्या बंद हबना सील असतात आणि कंपनीचं ठरलेलं तेल असतं. जर्मनीच्या रोलॉफच्या चौदा गिअरच्या हबमध्येही ठरलेलं तेल मोजून जातं आणि ते ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचं असतं. तिथे हा भोसरीचा उपाय लावू नये.

आमच्या रॅलेखाली पुठ्ठा ठेवलाय. दर आठवड्याला त्यावर रुपयाएवढा डाग पडतो, पूर्वी काळा पडायचा, आता मधाच्या रंगाचा. रविवारी सकाळी मी सायकल स्टँडवर लावून पेडल फिरवते. आत्या खुर्ची ओढून जवळ बसते, डोळे मिटते आणि दुसऱ्या गिअरची टिकटिक मोजते.